नवव्या ओळीतला माणूस

ज्या मुलखातली रयत तोडून तोडून बोलते, त्या मुलखाचा कारभार चालवणे फार जिकिरीचे असते. तुकड्यांत बोलणारा माणूस एका दमात तीन गोष्टी सांगून मोकळा होतो आणि कचेरीला मात्र प्रत्येक गोष्टीला वेगळी फाईल, वेगळा कारकून आणि वेगळी दिरंगाई लावावी लागते. तीच तीन वाक्ये जोडून एक केली, तर एका दिरंगाईत तिन्ही कामे उरकतात. सरकारचा वेळ वाचतो, रयतेचा जायचा तेवढा जातोच.

खानदेशात ही अडचण फार. इथला माणूस बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच त्याचे बोलणे संपलेले असते. "पानी नही." झाले. "बैल मरी गया." झाले. आता असल्या बोलण्याला कचेरीने उत्तर द्यावे तरी कुठून आणि कसे? बिचाऱ्या कारकुनाला पानसुपारी काढायलाही उसंत मिळत नाही. त्यातून १९०६ साली सरकारने खानदेश जिल्हा मधोमध तोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन केले. म्हणजे रयत तोडून बोलणार आणि सरकारही तोडून ठेवणार. अशा वेळी कोणीतरी जोडणारा हवाच होता. तो भाईदास मास्तरांच्या रूपाने धुळ्याच्या कचेरीसमोरच्या निंबाखाली, एका पायमोडक्या मेजामागे, रोज सकाळी दहा वाजता येऊन बसत असे.

मास्तर, लोकांचे नाना, मूळचे धुळ्याकडचे. पण नोकरी सगळी जामनेर-रावेरकडे झाली. तीस वर्षे त्यांनी मराठी शाळेत वाक्यसंयोग, म्हणजे दोनचार वाक्यांचे एक वाक्य करणे, शिकवला. गणित, भूगोल वगैरे किरकोळ विषयही शिकवत, पण ते पोटासाठी. पेन्शन घ्यायची वेळ आली तेव्हा मधल्या काळात जिल्ह्याचे दोन तुकडे झालेले, घर धुळ्याच्या तुकड्यात आणि नोकरी जळगावच्या. मास्तरांनी साधा अर्ज केला, "मी निवृत्त झालो आहे. मला पेन्शन मिळावे." जळगावने पहिल्या वाक्यापुढे शेरा मारला, "कोठून?" धुळ्याने दुसऱ्या वाक्यापुढे शेरा मारला, "कोणाकडून?" असे अकरा महिने चालले. तेव्हा मास्तरांच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. त्यांनी तीन पानांचा नवा अर्ज लिहिला, एका वाक्याचा. त्यात थांबायला जागाच नव्हती. जळगावच्या कारकुनाने शेरा मारायला टाक उचलला, तो वाक्य संपायची वाट बघत पानामागून पान उलटत गेला आणि शेवटी दमून त्याने सही केली. पेन्शन सुरू झाले.

त्या दिवसापासून मास्तरांचे मत पक्के झाले, की पूर्णविराम म्हणजे कारकुनाला शेरा मारायला आपण होऊन दिलेली जागा होय. (मोडी लिहिणाऱ्या जुन्या लोकांना हे कळत होते. ते पूर्णविराम देतच नसत. ही खोड बाळबोध पुस्तकांनी लावली.) निंबाखाली बसून अर्ज लिहू लागल्यावर त्यांनी या मताचे शास्त्र केले. त्यातले काही नियम इथे देणे लोकोपयोगी होईल.

अर्जात वाक्य एकच असावे. दुःख 'असून'ने जोडावे, राग 'नसून'ने झाकावा. पहिली ओळ सरकारच्या स्तुतीची आणि शेवटची ओळ सरकारच्या सोयीची असावी. वस्तू, म्हणजे जमीन, पाट, रस्ता, विहीर इत्यादी, मुख्य वाक्यात बसवावी. माणूस गौण वाक्यात बसवावा, कारण माणसाला कुठेही बसायची सवय असते. रडणे मुळीच लिहू नये. लिहावेच लागले तर 'अत्यंत खेदपूर्वक' असे लिहावे, म्हणजे कागद भिजत नाही.

चार वर्षांत मास्तरांनी सहाशे बारा अर्ज लिहिले. त्यांपैकी एकावरही शेरा पडला नाही. किती अर्जांवर काम झाले याची नोंद नाही, पण ते मोजण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आताही नाही.

१९१३ सालच्या पौषातली गोष्ट. पांझरेच्या काठी सातखेडी म्हणून एक गाव. त्या काठच्या गावांत फडाची शेती चालते. नदीला बांध, बांधातून निघालेला पाट आणि पाटाखाली गावाचे चार फड. एका फडात सगळ्यांचा गहू, दुसऱ्यात सगळ्यांचा हरभरा, असा मामला. पाणी कोणाच्या वावरात कधी सोडायचे ते गावाने नेमलेला पाटकरी ठरवतो आणि त्याच्या शब्दापुढे पाटलाचेही चालत नाही. पाट फुटला की पाटकऱ्याने एक हाळी द्यायची आणि घरटी एक माणूस फावडे घेऊन धावायचा. भाकरी तोंडाशी गेलेली असली तरी खाली ठेवायची. अर्ज नाही, मंजुरी नाही, अंदाजपत्रक नाही. इतका बेशिस्त कारभार शेकडो वर्षे कसा चालला, याचे सुशिक्षित माणसाला नवल वाटते.

सातखेडीचा पाटकरी पुना. एका सोमवारी पहाटे वडाच्या वळणाशी पाट फुटला. पुनाने हाळी दिली आणि लोक येईपर्यंत कशाला थांबायचे म्हणून जवळच जो मातीचा ढिगारा दिसला त्यातली माती ओढून भगदाडात टाकायला लागला. ढिगाऱ्यावर एक लाल फडके लावलेली काठी होती. ती त्याने नीट उपटून बाजूला ठेवली, कारण फडके चांगले होते. तो ढिगारा सरकारी मोजणीची निशाणी होता. एक ओव्हरसियर साहेब आठ दिवसांपासून पाटाची मोजणी करत होते, पाट सरकारला किती उपयोगी पडेल हे पाहण्यासाठी. त्यांनी हा प्रकार दुरून पाहिला आणि गाव फावडी घेऊन पोचले तेव्हा दोन शिपाई पुनाला धुळ्याकडे घेऊन चालले होते. गावाने हातातली फावडी खाली ठेवली. आता भगदाडाला हात लावायची कोणाची छाती होणार?

तिसऱ्या दिवशी पाटील धनसिंग, आणखी चारपाच जण आणि पुनाची बायको तानुबाई असे निंबाखाली हजर झाले. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद सरळ केला आणि काय झाले ते विचारले. धनसिंग पाटील घसा खाकरत होता, तेवढ्यात तानुबाई बोलून मोकळी झाली.

"पाट फुटना. मन्हा मानूस बांधाले गया. त्याले धरी लई गयात. त्याले सोडा."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. चार वाक्ये आणि चार पूर्णविराम! कारकुनाला चार दरवाजे सताड उघडे! ते कळवळून म्हणाले, "अहो बाई, असं तुटक बोलून कसं होईल? हे काय बोलणं झालं?"

"मंग काय सांगू, नाना? इतलंच शे."

"इतकंच असतं तर सरकारला कचेरी बांधायची गरज काय होती?" मास्तर म्हणाले. "तुम्ही बसा. मी जोडतो."

त्यांनी दीड तास जोडले. टाक चारदा बदलला, एकदा डोळे मिटून नुसतेच बसले आणि एकदा 'ज्या' व 'त्या' यांची जोडी जमली तेव्हा आपल्याशीच हसले. मग अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. तो असा:

"पांझरा नदीच्या काठी वसलेल्या व सरकारच्या कृपाछत्राखाली वंशपरंपरेने सुखात नांदत असलेल्या मौजे सातखेडी येथील आम्ही सर्व फडकरी, ज्यांच्या चारही फडांना ज्या पाटाने पाणी मिळत आले आहे तो पाट, ज्याची निगा आमचे वाडवडील ज्या निष्ठेने राखीत आले त्याच निष्ठेने आम्हीही राखीत असता, गेल्या सोमवारी सूर्योदयाच्या सुमारास, खेकड्यांनी पोखरल्यामुळे की अन्य कारणाने हे निश्चित न कळता, वडाच्या वळणाशी अकस्मात फुटून, व तो बुजवण्यास रिवाजाप्रमाणे धावलेला पाटकरी पुना वना यास जवळच्या ढिगाऱ्याची माती घेतल्यावरून, सदर ढिगारा सरकारी मोजणीचा आहे हे त्यास ठाऊक नसताही, धरून नेऊन कच्च्या कैदेत ठेवण्यात आले असून तो सोडून देण्यास पात्र असल्याने, व इकडे उभा गहू दिवसेंदिवस पिवळा पडत असल्याने, आणि मोजणीच्या कार्यात व्यत्यय आणण्याचा आमचा बिलकूल हेतू नसून उलट त्या कार्याविषयी आम्हांस नितांत आदरच वाटत असल्याने, हुजुरांनी कृपावंत होऊन असे करावे की जेणेकरून सदर पाट पूर्ववत वाहता होईल."

धनसिंग पाटलाच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या गावाचा पाट एवढा मोठा आहे हे त्याला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

तानुबाई मात्र कागदावर वाकली. तिला वाचता येत नव्हते. "नाना, याम्हा मन्हा मानूस कोठे बठाडा?"

मास्तरांनी टाकाचे टोक नवव्या ओळीवर ठेवले. तिने त्या जागी बोट लावून पाहिले. शाई ओली होती, ती बोटाला लागली.

"आठे? इतला मजार?"

"मध्येच सुरक्षित असतो," मास्तर म्हणाले. "टोकाला बसवला तर शेरा पडतो."

कच्ची कैद म्हणजे कचेरीच्या आवाराच्या दुसऱ्या अंगाची गजांची खोली, निंबापासून चाळीस पावलांवर. मास्तर अर्ज वाचत होते तेव्हा पुना गजाला कान लावून उभा होता. तानुबाई भाकरी द्यायला गेली तेव्हा तो म्हणाला, "मन्हं नाव उनं व्हतं. ऐकं मी. पन लगेच निंघी गयं." मग तो पुढे बराच वेळ ऐकत राहिला होता, नाव परत येते का म्हणून. ते आले नाही.

अर्ज अव्वल कारकून रुपचंद यांच्या मेजावर गेला. रुपचंद हे अर्जवाचनात जिल्ह्यात नावाजलेले. पहिली ओळ वाचली की अर्ज कोणाचा ते कळते आणि शेवटची वाचली की काय हवे ते कळते. मधला मजकूर हा अर्जदाराचा खासगी मामला, त्यात डोके घालणे असभ्यपणाचे, असे त्यांचे मत होते. (बावीस वर्षांत त्यांनी एकदाच मधला मजकूर वाचला. तोही कागद उलटा धरल्यामुळे.) त्यांनी या अर्जाची पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली आणि पाठीवर विषय लिहिला, "मौजे सातखेडी, पाट वाहता होणेबाबत." फाईल तयार झाली.

ती फाईल काय हिंडली म्हणता! ती मामलेदारांकडून ओव्हरसियरकडे गेली, ओव्हरसियरकडून वरच्या साहेबांकडे गेली, तिथून पाट कोणत्या जिल्ह्यात वाहतो हे विचारायला जळगावला जाऊन आली (पांझरा जळगावला जात नाही, पण फाईल गेली), आणि चोविसाव्या दिवशी परत धुळ्याला पोचली. हुकूम निघाला, "पाट पूर्ववत वाहता करण्यास हरकत नाही." एकही शेरा नव्हता. मास्तरांनी हुकुमाची नक्कल स्वतःच्या हाताने उतरून घेतली आणि घरी देवाजवळ ठेवली.

सातखेडीने त्याच दिवशी, घरटी एक माणूस या हिशेबाने, दुपारच्या आत भगदाड बुजवले. गहू निम्म्याहून अधिक गेला होता, हरभरा कसाबसा वाचला. पण पाटात पाणी दिसताच लोकांना इतका आनंद झाला की गेले त्याचे कोणी नाव काढले नाही. आता पाणी आले म्हणजे ते फिरवायला कोणीतरी हवे. पुनाचे फावडे पाटाच्या कडेला पडलेलेच होते. ते झुलालने उचलले. झुलाल चांगला माणूस होता, पुनाचा चुलतभाऊच. "तो ये तवलोंग," म्हणजे पुना येईपर्यंत, असे तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मग गावाने मास्तरांचा सत्कार केला. निंबाखाली नारळ, गुळाची ढेप आणि कलाबतूच्या काठाचा रुमाल. धनसिंग पाटलाने भाषण केले, "नाना, तुमनं वाक्य म्हंजे वाक्य शे!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आनि मन्हा मानूस?"

सगळे वळून पाहू लागले. तानुबाई फडक्यात भाकरी बांधून उभी होती. गेले सत्तावीस दिवस ती सातखेडीहून तीन कोस चालत येत होती आणि तीन कोस परत जात होती. धनसिंग पाटील समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, तो अर्जमा शेच ना! नानानी लिखेल शे."

"पाटबी अर्जमा व्हता. तो सुटना. हाऊ काब्र नही सुटना?"

सत्कार चालू असल्यामुळे या 'का'चे उत्तर कोणी शोधले नाही.

खरे सांगायचे तर मास्तर रुमाल गुंडाळून त्या क्षणीच उठले. त्यांनी घरी जाऊन हुकुमाची नक्कल काढून पुन्हा वाचली. तीत पाट होता, हरकत नव्हती, पुना नव्हता. वाक्यात तर होता! आपणच बसवला होता, नवव्या ओळीत, दोन्ही बाजूंनी 'असून' आणि 'असल्याने' यांचे भक्कम कुंपण घालून. मग हा कुठे गेला? रात्री जेवण गेले नाही. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की वाक्य निर्दोष आहे, तेव्हा दोष असला तर पुनात असला पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून तानुबाई गजापाशी भाकरी दिली की निंबाखाली येऊन उभी राही आणि म्हणे, "मन्हा मानूस सोडा." रोज तेच. मास्तरांना हे असह्य होई. पुनाचे दुःख तर होतेच, पण त्याहून जास्त त्या वाक्याचे होते. लागोपाठ दोन वाक्ये सारखी करू नयेत, हे त्यांनी तीस वर्षे पोरांच्या पाठीत धपाटे घालून शिकवले होते.

"बाई, काल हेच म्हणालात," ते एक दिवस म्हणाले. "बोलण्यात फेरपालट हवा. ऐकणारा कंटाळतो. आज जरा वेगळ्या तऱ्हेनं सांगा."

तानुबाईने विचार केला. तिला वाटले, यात काही युक्ती असेल. माणूस सुटत असेल तर फेरपालट करायला काय जाते? दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सोडा मन्हा मानूस." मास्तरांना सुधारणा दिसली. तिसऱ्या दिवशी, "मानूस मन्हा, सोडा त्याले." चौथ्या दिवशी, "जो मन्हा मानूस शे, त्याले सोडा." मास्तरांनी "वा!" म्हणून मेजावर थाप मारली. निरक्षर बाई, पण चार दिवसांत 'जो' आणि 'तो' येऊन पोचले! पाचव्या दिवशी ती आली आणि काहीच बोलली नाही. नुसती उभी राहिली.

त्या दिवशी मास्तरांनी एक धाडस केले. कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिले, "पुनाला सोडा." पूर्णविराम दिला. कागद समोर धरून पाहिला. दोन शब्द! एवढ्या मोठ्या कागदावर ते उघड्या अंगाने पेठेत उभे राहिल्यासारखे दिसत होते. कारकून काय म्हणेल? भाईदास मास्तर म्हातारा झाला म्हणेल. त्यांनी पूर्णविरामाचा स्वल्पविराम केला, मागे 'ज्याअर्थी' जोडले, पुढे 'त्याअर्थी' ठेवले आणि संध्याकाळपर्यंत एक सुरेख पानभर मजकूर तयार झाला. पुना या वेळी अकराव्या ओळीत गेला. फाईल पुन्हा निघाली.

एकेचाळिसाव्या दिवशी तानुबाई आली ती निंबाखाली थांबलीच नाही. ती सरळ कचेरीच्या पायऱ्या चढली. दारातला शिपाई "ओ बाई, अर्ज कुठे?" असे म्हणेपर्यंत ती मामलेदारसाहेबांच्या मेजापुढे होती. मास्तर "अहो, थांबा, जोडून देतो!" असे ओरडत मागोमाग धावले आणि दारातच अडकून राहिले. म्हणून पुढचे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

"सायेब, मन्हा मानूस सोडा," तानुबाई म्हणाली. मूळचेच वाक्य. फेरपालट वगैरे काही नाही.

साहेबांनी वर पाहिले. "कोणता माणूस?"

"पुना. सातखेडीना. तुमना गजम्हा शे. येकेचाळीस दिन व्हई गयात."

साहेबांनी रुपचंदांना बोलावले. रुपचंद म्हणाले, सातखेडीची फाईल आहे, पण ती पाटाची, तीत माणूस नाही. साहेबांनी फाईल मागवली आणि कुणास ठाऊक काय मनात आले, मधून वाचायला लागले. नवव्या ओळीशी त्यांचे बोट थांबले. "अहो, हा काय इथे!" साहेब म्हणाले. रुपचंदांनी चष्मा लावून पाहिले. खरेच होता. मग चौकशी झाली. ओव्हरसियर साहेब मोजणी नदीच्या दुसऱ्या काठाला घेऊन गेल्याला एकोणीस दिवस झाले होते. जाताना ते ढिगारा विसरून गेले होते. ढिगाऱ्याची फिर्याद कोणी लिहूनच दिलेली नव्हती. पुना नेमका कशासाठी आत आहे ते साऱ्या कचेरीत कोणालाही सांगता येईना.

"बाई, मग हे आधी का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारले.

"रोज सांगं ना, सायेब. चार तऱ्हानं सांगं."

साहेब शिपायाकडे वळले. "सोडा त्याला."

दोन शब्द. 'ज्याअर्थी' नाही, 'सबब' नाही, 'जेणेकरून' नाही. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते, त्यांना ते दोन शब्द कानशिलात बसल्यासारखे लागले. कालच त्यांनी असेच दोन शब्द लिहिले होते आणि लाज वाटून झाकून टाकले होते. पण तीस वर्षांची विद्या अशा वेळी कामी येते. निंबाखाली परत येईपर्यंत त्यांनी या प्रसंगातून एक नवा नियम काढला होता: दोन शब्दांत बोलण्याचा अधिकार ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला असतो, बाकीच्यांनी जोडून लिहावे. शिवाय आपल्या वाक्याने एकेचाळीस दिवस जमीन तयार केली म्हणूनच ते दोन शब्द उगवले, हेही त्यांनी मित्रमंडळींत अनेकदा सांगितले.

पुना बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे उन्हाला मिचमिच करत होते. त्याने बायकोला पहिला प्रश्न विचारला, "पाट?"

"बांधा."

"कोनी?"

"बठ्ठास्नी."

सगळ्यांनी मिळून बांधला हे ऐकून तो हसला. गावाला पोचल्यावर झुलालने त्याचे फावडे त्याच्या हाती दिले. झुलालने ते घासूनपुसून लख्ख ठेवले होते. पुना पुन्हा पाटकरी झाला. गव्हाच्या फडात त्या साली गुरे चरली.

पुढच्या वर्षी त्याच वळणाशी पाट पुन्हा फुटला. लोक धावत आले तेव्हा पुना सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता. फावडे खांद्यावर. पाणी त्याच्या पायांमधून भसाभसा वाहून चालले होते आणि त्याने मातीला हात लावलेला नव्हता. लोक म्हणाले, "पुना, काय देखस? टाक ना माटी!" पुना म्हणाला, "हुकूम शे का?" आधी लोकांना ती थट्टा वाटली. मग कोणी हसले नाही. झुलालने त्याच्या खांद्यावरचे फावडे हळूच काढून घेतले. त्यानंतर पुना जितकी वर्षे जगला तितकी वर्षे वावरात पाणी सोडण्याआधी, बैल सोडण्याआधी, शेवटी शेवटी तर भाकरी मोडण्याआधीही तो तानुबाईकडे बघून हेच विचारत असे. आणि ती म्हणत असे, "शे." एवढेच.

मास्तरांनी पुढे वाक्यसंयोगावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ते निघाले बरे. शाळाखात्याच्या माणसांना आवडले, मुलांनी पाठ केले, आणि त्यातली उदाहरणे या पुस्तकातून त्या पुस्तकात, त्या पुस्तकातून आणखी तिसऱ्यात अशी उतरत गेली. त्यात सातव्या धड्याखाली हा प्रश्न होता. सभ्यतेखातर मास्तरांनी नाव गाळले होते.

"खालील वाक्ये जोडून एक वाक्य तयार करा. पाट फुटला. एक माणूस तो बांधायला गेला. त्याला धरले. (गुण पाच)"

चौथे वाक्य मास्तरांनी दिले नाही. तीन वाक्यांतच धडा पुरा होत होता.

हा प्रश्न तुम्हीही सोडवला आहे. तुमच्या पुस्तकात पाटाऐवजी झाड असेल, नाही तर गाडी, नाही तर पूल. माणूस तोच होता. तुम्ही बाकावर बसून, जीभ दातांत धरून, 'म्हणून' घालावे की 'असता' घालावे याचा नीट विचार केलात आणि वाक्य छान जोडलेत. पाचपैकी चार गुण पडले. एक गुण कशाचा गेला ते तुम्ही गुरुजींना जाऊन विचारलेत, त्यावरून थोडे भांडलातही. त्या माणसाला मग सोडले का, हे मात्र तुम्ही विचारले नाही.